पत्र्याखालचं नाव

त्या माणसावरचा राग मी सोडलेला नाही. सोडणारही नाही.

अप्पांकडे एक जुनी बेस गिटार होती. परदेशी, पोकळ पोटाची. त्या घडणीच्या आता मोजक्याच उरल्यात म्हणतात. नागपट्टिनमच्या एका खलाशाकडून त्यांनी ती घेतली आणि तिरुनागेश्वरम्, तिरुवलंचुळीच्या उत्सवांत, लग्नांत, गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून आयुष्यभर वाजवली. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा चेन्नईचा एक संग्राहक आला. "अण्णा, दुरुस्त करून आणतो," म्हणाला. अप्पा वारले, तरी गिटार आली नाही.

यंदा आली. आमच्याच कुंभकोणमात, एका मंडपात, त्याच्या प्रदर्शनात, काचेआड. खाली पाटी: सिनेमाच्या स्टुडिओत वाजलेली, कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही न उघडलेली.

न उघडलेली? आमचं गाव भांड्यांचं. इथं पातेलंसुद्धा टिंबाटिंबांनी नाव ठोकून घेतल्याशिवाय घरी येत नाही. नाहीतर शेजारच्या लग्नात गेलेलं परत कसं मिळणार? गिटारही गावोगाव फिरायची, म्हणून भांडेवाल्याकडून तिच्यावरही नाव घालून घेतलं होतं. वरून बरं दिसणार नाही म्हणून आवाजाची बटणं बसवतात त्या पत्र्याच्या आतल्या अंगाला. "आपलं नाव आहे आत," अप्पा सांगायचे.

मी खलाशाचा पुतण्या शोधला, तिची खोळ शिवणारा शिंपी शोधला, अप्पांच्या साथीच्या तबलेवाल्याकडून उत्सवांचे फोटो आणले. मग चारशे पत्रकं छापली: 'ही गिटार लाटलेली आहे. पत्र्याखाली माझ्या बापाचं नाव आहे.' प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मंडपात वाटली.

"हे स्क्रू फिरवले तर तिची अस्सलता जाईल," संग्राहक म्हणाला.

"नाव निघालं नाही तर मी इथंच माफी मागते. उघडा."

लोक काचेभोवती दाटले. "उघडा की सार, घाबरता कशाला?" कुणीतरी ओरडलं. त्याला उघडावंच लागलं. पत्रा उलटा केला. तमिळ अक्षरांत, टिंबाटिंबांचं, ठसठशीत नाव. बाईचं.

तो हसला. "बापाचं कुठंय, ताई?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून अम्मा उठली. त्याच्याशी तमिळमध्ये बोलली, "ते माझं माहेरचं नाव. माझ्या लग्नातल्या पितळी हंड्या देऊन ती घरात आली." मग माझ्याकडे वळून आपल्या तंजावरी मराठीत, सगळ्यांसमोर, "बापाचं बापाचं म्हणून ओरडतीस. मला एकदा तरी विचारलीस का गं?"

गिटार त्याच दुपारी घरी आली. पन्नास माणसं बघत असताना तो नाही कसं म्हणणार?

उरलेली पत्रकं मी चुलीत घातली आणि नवी छापली. वर अम्माचं नाव. त्याखाली संग्राहकाचं, दुप्पट मोठ्या अक्षरांत, पाटीवरच्या थापांसकट. वाजवणारे म्हणून अप्पा तिसऱ्या ओळीत. चेन्नईला जाऊन त्याच्या दुकानाच्या शटरवर मी ती स्वतः खळ लावून चिकटवली, वरपासून खालपर्यंत.