सेंटोसावरची लपाछपी

मी हरवले नव्हते. लपून बसले व्हते.

आज ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, म्हून सांगून टाकते. लेकरांनो, तुमीपण वाचा. तुमच्या बापानं जन्मभर सांगितलेली गोष्ट अर्धीच खरी हाय.

वसमतला आमचं बियाण्याचं दुकान. दोन हजार सात-आठचं साल असंल. जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना कंपनीनं सिंगापूरची टूर दिली. दोघा-दोघांची.

बाकीच्यांनी साडू आणले, मेव्हणे आणले. ह्यांनी मला नेलं.

"वहिनीला काहून आणलं, शेठ?" बसमधी एकानं विचारलं.

"घरी ठेवली असती तं दुकान विकून खाल्लं असतं तिनं."

तिथं सेंटोसा म्हून बेट हाय.

आमी पाणी पाहिलेलं ते सिद्धेश्वर धरणाचं. हे पाणी निळं, कोमट. पायाखाली वाळू पिठीसाखरेवानी मऊ. मोर मोकळे फिरून राहिले. आकाशपाळण्यात लेकरं, अन् लेकरांपेक्षा जोरात वरडणारे बापे.

मला वाटलं, मी झोपेतच चालून राहिले.

हे नेहमीसारखे दहा पावलं पुढं. पाटीवरच्या माशाच्या चित्राकडं बोट करून, मागं न बघता मला समजावून सांगणं चालू.

"हा मासा म्हंजे समुद्रातला वाघ समज. ध्यानात ठेव, घरी विचारतील."

मी हळूच नारळाच्या झाडामागं सरकले.

माझ्या जागी एक चिनी आजी चालू लागली. ह्यांचं सांगणं चालूच. आजी बिचारी मान डोलवून राहिली.

मग हे वळले.

वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. "ऐकलं का" न्हाईतर "संतोषची माय". बस.

"संतोषची माय!"

तिथं कोण संतोष अन् कोणाची माय!

मग जोरात, "सुमन!"

अंगावर काटा आला माझ्या.

तवाच निघायला पाहिजे व्हतं. पण अजून एकदा ऐकू वाटलं. गप बसले.

"सुमन! ए सुमे!"

सुमे मला फक्त माझी आई म्हणायची, माहेरी शिरडला.

डोकावून पाहिलं तं हे बुटासगट गुडघाभर पाण्यात. समुद्राकडं तोंड करून हाका मारून राहिले.

मी पळतच ह्यांच्याकडं गेले.

"रस्ता चुकले वो," म्हणले.

रागावले न्हाईत. माझं मनगट धरलं, ते पार हॉटेलपर्यंत सोडलं न्हाई. सगळ्या दुकानदारांच्या देखत.

मग दुकानात येईल त्याला तीच गोष्ट. "बायको परदेशात हरवली, मी हुडकून आणली." लई ऐट.

शेवटी दवाखान्यात सिस्टरलापण सांगून राहिले. मला ऱ्हावलं न्हाई.

"अवो, खरं काय झालं सांगू का?"

"तू गप," म्हणले. "तुला काय म्हाईत? तू तं हरवलेली व्हतीस."

सिस्टर हसली. परत सांगायचं म्हणलं, तं दिवसच उरले न्हाईत.

आज सांगितलं.

अवो, तुमाला तसं पाण्यात उभं केलं, चुकलं माझं.

राग आला असंल तं स्वप्नात या अन् पोटभर बोला. मी एका शब्दानं उलटून बोलणार न्हाई.

बरं, एखादा बोलीन.

लई आठवण येते वो. हात जोडते.