ए, चष्मेवाल्या!

कल्याणला आमच्या कॉलेजबाहेरच्या बस स्टॉपवर एक कोळीण पाटी घेऊन बसायची. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. मी शाकाहारी, त्यामुळे चार हात लांबच उभा राहायचो.

एकदा एक टपोरी रांगेतल्या मुलीला मुद्दाम खेटायला लागला. ती सरकली की हाही सरकायचा. गर्दीत प्रत्येक जण दुसरा कोणी मधे पडेल म्हणून वाट बघत बसतो, हे मानसशास्त्राच्या सरांनी सकाळीच शिकवलेलं. तेच सर आता बसचं वेळापत्रक वाचत होते. मीही वाचायला लागलो.

"ए चष्मेवाल्या!" कोळीण गरजली. अख्ख्या स्टॉपवर चष्मा मला एकट्यालाच. तिने माझ्या हातात दोन ओले बोंबील कोंबले. "जा, दोगांच्या मदी उबा ऱ्हा."

डोळे मिटून गेलो. बोंबील त्याच्या पांढऱ्याशुभ्र बेलबॉटमवर लोळले आणि तो शिव्या देत पळाला.

"एवढ्या लोकांत मीच का?" मी विचारलं.

"सगल्यांना हाक मारली क कोन नाय येत," ती माशा वारत म्हणाली. "एकालाच मारायची."

दुसऱ्या दिवशी तो टपोरी पुन्हा त्या मुलीला खेटायला आला. "ए टायवाल्या!" अशी हाक ऐकू आली, आणि आमचे सर वेळापत्रक सोडून, ओंजळीत मांदेली घेऊन, निमूट त्या दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले.