मामाची गाठ आणि मामाची मिशी
नव्या नायलॉन दोरीचा वास आला की मला पवईचा तलाव आणि मामाची मिशी एकदमच आठवतात. ऐंशीच्या दशकात आम्ही कांजूरला राहायचो. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने मामाला दोरी गुंडाळायच्या रिळासकट परदेशी गळ दिला होता. त्यावर आमिष म्हणून पिसांची खोटी माशी! मामाने ती दोरीला बांधली, गाठीला थुंकी लावली, दातांनी करकचून ओढली आणि मामीसमोर गर्जला, "ही गाठ सुटली तर मिशी काढतलंय!" मामी म्हणाली, "वस्तरो घासून ठेवतंय." तलावावर चक्क मासा लागला. रीळ गरागरा फिरलं, मी नाचलो, आणि दोरीचं दुसरं टोक डोळ्यांदेखत सुळकन पाण्यात गेलं. ते रिळाला बांधायचंच राहिलं होतं! घरी मामी वस्तरा घेऊन दारातच उभी. "गाठ सुटूक नाय गो," मामा कळवळला, "ती माशाच्या तोंडात आसा!" "मगे मासो खंय हा?" दोघंही माझ्याकडे बघू लागले. मामा हरला की जिंकला? शेवटी मामीनेच निकाल दिला आणि अर्धी मिशी उतरवली. तो निकाल बरोबर होता का, हे मला आजही कळलेलं नाही.