तोयोनोताईचा आवाज बसला तो दिवस

तोयोनोताईचा आवाज असा की नदीपल्याड कागद वाळत घालणारी बाईही मान वर करून बघायची. गावच्या जत्रेत गाणं तिचंच. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात शाळेच्या मोठ्या दालनात आम्हा बायकांना कामाला बसवलं, तेव्हाही सकाळचं गाणं तीच उचलायची.

काम म्हणजे कागदावर कागद चिकटवायचे. कागद आमच्याच गावचा, खळ कोन्याकू नावाच्या कंदाच्या पिठाची, न शिजवता पाण्यात ढवळलेली. ती हातानंच फासायची. बोटांची सालं निघायची. एवढ्या कागदाचं सैन्य करणार काय, ते विचारायची सोय नव्हती. फुगे करून, खाली बॉम्ब लटकवून समुद्रापार शत्रूच्या देशावर सोडले, हे पुढे कळलं. ते कळलं त्या दिवशी तोयोनोताईनं गाणं उचललं नाही.

आमच्यात चिसातो नावाची शहरातली पोर होती. तिथलं घर बॉम्बहल्ल्यात जळालेलं, आई अंथरुणाला खिळलेली. कामावरच्या शिध्यात दोघी जगायच्या. भूक आम्हा सगळ्यांनाच होती, पण वाढत्या वयाची भूक वेगळी.

एके सकाळी आमचे मुकादम कुरामोचीसाहेब खळीच्या पिंपाशी ओणवे झाले. आत चार बोटं ओढल्याची खूण.

"सैन्याची खळ खाल्ली कुणी?"

सगळ्यांनी कागदात डोकी घातली.

साहेब गावचेच, हसले. कोन्याकू म्हणजे सुरणाचा भाऊ. राखेचं पाणी घालून शिजवला तर गोड लागतो, कच्चा खाल्ला तर घसा धरतो. त्यातून लढाईच्या घाईत दळलेलं ते भरड पीठ!

"खाई त्याला खवखवे," साहेब म्हणाले. "मी हवालदाराला घेऊन येतो. मग एकेकीनं गायचं. जिचा आवाज फुटणार नाही, तिला तो नेईल."

साहेब गेले. चिसातोचा हात गळ्यावर होता आणि गळा लालभडक. गावातल्या पोरीनं असलं कच्चं कधी तोंडात घातलं नसतं.

"ताई, मी…" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"गप. आवाज वाया घालवू नकोस, आहेच कुठे तो!"

तोयोनोताई उठली, पिंपात हात घातला, ओंजळभर खळ काढली आणि घटाघटा गिळली. डोळ्यांत पाणी आलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "या गं, पंगत बसलीय. वाढायला माणूस नाही, आपापलं घ्या."

यासुए म्हणून एक होती, फार नाकानं कांदे सोलणारी. ती म्हणाली, "चोरी तिनं केली, घसा मी का खाजवून घ्यायचा?"

"खरंय बाई तुझं. तू एकटीच गा. कोकिळा कोण ते हवालदारालाही कळेल, आणि उद्या कुणी तुझ्याशेजारी बसेल का, तेही कळेल."

यासुएनं तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांत मोठा घास तिनंच घेतला. मीही घेतला, मग बाकीच्यांनीही. जिभेवर जणू सुया टोचल्या.

साहेब हवालदाराला घेऊन आले. तोयोनोताई पहिली उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. बेडूक बरा! दुसरी उभी राहिली, तीही तशीच. तिसरीचा तर नुसता वारा आला. चिसातोची पाळी आली तेव्हा तिचाच आवाज त्यातल्या त्यात बरा निघाला. तिनं खळ आदल्या दिवशीच खाल्लेली, घसा निवत आला होता.

हवालदार दोन पावलं मागे सरकला. "साहेब, इथे साथ आहे. मला घरी लेकरं आहेत." आणि सायकल काढून गेला.

साहेबांनी पिंपात डोकावून पाहिलं. तळ दिसत होता. मग ते तोयोनोताईकडे वळले. सगळ्यांना पकडलं तर कागद कोण चिकटवणार? शेवटी "नवी खळ ढवळा," एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

चिसातो ताईपुढे जमिनीला डोकं टेकून रडायला लागली. ताईनं तिला बखोटीला धरून उठवलं आणि त्या बेडकाच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या खेपेला चोरशील तर माझ्याकडे आण. चुलीत राख आहे माझ्या. कच्चा कोन्याकू रानडुक्करसुद्धा खात नाही, पोरी."