अठ्ठ्यांच्या जोडीवर भावाला हरवलं!

मंडळी, आज मी मंदारला पोकरमध्ये हरवलं!

मंदार माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. दर शुक्रवारी दोहाहून मी त्याच्याशी ऑनलाइन लिमिट पोकर खेळते. चिप्स खोट्या, बोली ठरावीक, तरी वर्षभर तोच जिंकत होता.

नवरा वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामावर गेलेला. म्हणून सकाळी मी आणि लेक ईरा मागचे डाव तपासत बसलो. आमच्या ॲपवर डाव संपला की दोघांचे पत्ते दिसतात.

"आई, मामा लास्टला बोली वाढवतो अँड यू ऑलवेज पत्ते टाकून डाव सोडतेस!" ईरा म्हणाली.

खरंच होतं. कितीतरी डावांत माझेच पत्ते वरचढ होते.

दुपारी माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी आली. मंदारने शेवटी बोली वाढवली. "ताई, टाक पत्ते, उगाच हरशील."

मी त्याच्याइतकीच बोली लावली आणि म्हटलं, "नाही टाकत. दाखव!"

त्याच्याकडे साधी जोडीही नव्हती! तिथून पुढे खेळ माझाच. "कुणी शिकवलं गं?" तो विचारत राहिला आणि ईरा सोफ्यावर नाचत होती.

समोरचा ठासून बोलला म्हणून आजवर मी काय काय सोडून दिलं असेल? तुमचंही असं होतं का?