ताठ लोंबी

भोरला स्वतःचा झेंडा हवा, असं आमच्या चौकातल्या मंडळाच्या मनात आलं आणि चित्राचं काम माझ्याकडं आलं. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. डेअरीच्या पाटीवर मी काढलेल्या म्हशीला लोक अजून हत्ती म्हणतात. तरी मलाच निवडलं, यावरून मंडळाची पारख ओळखा.

मी डोंगराची रेघ काढली, खाली नीरा नदी, आणि मधोमध भाताची एकच लोंबी, दाण्यांनी भरून वाकलेली. वेल्हे तालुक्यातल्या पासलीला माझे मामा भात लावतात. त्यांना आधीच सांगून बसलो होतो, "मामा, तुमचं भात भोरच्या झेंड्यावर आणतो." मामांनी ते अख्ख्या वाडीला सांगितलं.

बैठकीत अध्यक्षांनी चित्र लांब धरलं. "हिनं मान का खाली घातलीय? आपलं गाव कुणापुढं वाकतंय? ताठ करा."

"भरलेली लोंबी वाकतेच, साहेब. ताठ असते ती पोचट, बिनदाण्याची."

"पोचट कुणाला म्हणताय?"

अध्यक्ष मुळातच मान ताठ ठेवून बसतात. सगळे त्या मानेकडं बघायला लागले. इथं गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "लोंबीला. सध्या."

त्या 'सध्या'नं घात केला. "ऱ्हायली तर ताठच ऱ्हाईल," अध्यक्ष म्हणाले, "न्हाईतर तिथं तलवार काढा." सगळ्यांनी हात वर केले. ज्यांची स्वतःची भातखाचरं आहेत, त्यांनीसुद्धा. अध्यक्षांना भातातलं कळत नाही, त्यांना एकवेळ सोडलं. ह्यांना कळत होतं. वर्ष होत आलं, ह्यांच्याकडं बघून मला अजून हसता येत नाही. आणि तलवारीपेक्षा लोंबी बरी म्हणून ती ताठ कुणी केली? ह्याच हातानं, सुबक.

झेंडा चढवला त्या दिवशी मामा नवी टोपी घालून एसटीनं आले. वारा इतका, की झेंड्याला एक सुरकुती पडेना. मामा बराच वेळ वर बघत राहिले.

"चित्र झ्याक हाय भाच्या. पण औंदा पीक गेलं व्हय भोरचं?"

"मामा, ते अध्यक्ष..."

"दाणाच न्हाई. पेंढ्या बांधायच्या नि जनावरांपुढं टाकायच्या." मग हळू आवाजात म्हणाले, "वाडीत काय सांगू रं?"

मी झेंड्याकडं पाठ फिरवली.

"सांगा, झेंड्यावर भात न्हाई घेतलं. तलवार घेतली."

मामांनी टोपी काढून झटकली. "तेच बरं," म्हणाले.