खोट काढणाऱ्यानं काढायचा फोटो

आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी मनापासून मानतो ते होटगीच्या एका शिक्षिकाबाईंना. ग्रुपचा नियमच आहे: ज्यानं खोट काढली, त्यानं त्याच जागी जाऊन तोच फोटो काढून दाखवायचा. म्हणून बाकीचे 'लई भारी' लिहून मोकळे होतात.

मी नवी पेठेतल्या गर्दीचा फोटो टाकला. धडाधड 'लई भारी' आले. मग बाईंनी लिहिलं, "गर्दी आहे, पण ज्याच्याकडे बघत राहावं असा एकही माणूस नाही." माझं डोकंच फिरलं. "या की मग, दाखवा काढून!" मी लिहिलं.

रविवारी बाई खरंच आल्या. रिक्षावाल्यांची बोलणी खात तासभर उभ्या राहिल्या. घरी जाऊन त्यांनी फोटो टाकला. हललेला, त्यात अर्धी चौकट रिक्षाच्या टपानं खाल्लेली. मी तावातावानं लिहायला घेतलं, तोवर त्यांचंच आलं, "माझा तुमच्याहून वाईट आलाय. तिथं उभं राहणं किती अवघड, ते आज कळलं."

मी विरघळलोच. लिहिलेलं पुसून आभार मानणार, इतक्यात खाली दुसरी ओळ उमटली.

"पण म्हणून तुमचा चांगला होत नाही."